नऊशे नव्व्याण्णव गाणी आणि एक रिजेक्ट

माझ्या गाडीतला स्टिरिओ पेनड्राइव्हमधली फक्त नऊशे नव्व्याण्णव गाणी वाचतो. हजारावं गाणं त्याच्या लेखी जन्मालाच आलेलं नसतं. गाडी सेकंडहँड. ज्या गृहस्थांकडून घेतली त्यांनी टायर, बॅटरी, विम्याचे कागद, डिकीतला जॅकसुद्धा दाखवला. स्टिरिओबद्दल मात्र ‘एकदम टकाटक आहे’ एवढंच म्हणाले. ते गाडीत कायम बातम्याच ऐकायचे, हे मला नंतर कळलं.

माझ्याकडं त्या वेळी सहा हजार तीनशे चाळीस गाणी होती. मी कॉलेजात होतो तेव्हा कोल्हापुरात कॅसेट भरून देणारी दुकानं होती. आपण वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून द्यायची, दुकानदार कोरी कॅसेट भरून ठेवायचा, आणि बी साइडचं शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटायचं. त्या सगळ्या कॅसेटी मी जपल्या. मग सीडी आल्या, मग एका सीडीत दीडशे गाणी मावायला लागली, मग घरी कॉम्प्युटर आला. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून एकेक कॅसेट मी आत घेतली. प्रत्येक गाण्याला नाव, वर्ष, गायक, संगीतकार, राग. राग ओळखता आला नाही तर तिथं ‘चौकशी चालू’ असं लिहिलेलं. नातेवाइकांत माझा लौकिक होता की ह्यांच्याकडं मागाल ते गाणं सापडतं. कौतुक सगळे करायचे. ऐकायला कुणी बसलं नाही.

स्टिरिओचे आणखी दोन गुण हळूहळू उघडकीला आले. गाण्यांची नावं देवनागरीत असली की पडद्यावर नुसते चौकोनी डबे दिसत. आणि गाडी बंद करून परत सुरू केली की तो जिथं थांबला होता तिथून पुढं न जाता पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात करी. डब्यांवर मी उपाय केला, सगळी नावं इंग्रजी लिपीत लिहून काढली. दुसऱ्यावर उपाय नव्हता. कळंब्यातल्या आमच्या घरापासून शिरोलीपर्यंत, सिग्नल धरून, सहा गाणी होतात. म्हणजे रोज जाताना तीच सहा आणि येताना तीच सहा. पुढचं गाणं लावायचं बटण होतं. पण क्रम मी स्वतः आठवडाभर विचार करून लावला होता. तो मोडायचा असता तर लावला कशाला असता? एकदा वाहतूक तुंबली आणि सातवं गाणं लागलं. बायको शेजारी बसली होती. तिनं बाहेर बघितलं आणि विचारलं, “अहो, रस्ता चुकलाय का?”

पण क्रम ही पुढची गोष्ट. त्याच्या आधी निवड करणं भाग होतं, आणि निवड करणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी एकतीस वर्षं क्वालिटीला आहे. ओतून तयार झालेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, छोट्या हातोडीनं एक टोला मारायचा आणि कान द्यायचा. माल चांगला असेल तर आवाज खणखणीत येतो. आत चीर असली, हवेचा फुगा राहिला असला, की आवाज बद्द. त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. हा रिजेक्ट माल शॉपवर, म्हणजे कामाच्या जागेवर, रेंगाळू द्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. रेंगाळला की संध्याकाळपर्यंत चांगल्या मालात मिसळतो आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. म्हणून तो त्याच दिवशी परत भट्टीत जातो. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकदाही असा माल पुढं गेलेला नाही, हे मी घरी इतक्या वेळा सांगितलंय की मुलीनं त्यावर चाल लावली होती.

तर गाण्यांची मी रीतसर तपासणी केली. दोन महिने, रोज संध्याकाळी, कानाला हेडफोन. प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद ऐकायचे. माल कसा आहे ते कळायला तेवढं पुरतं. गाणं कसं आहे हा प्रश्नच नव्हता, आवाज स्वच्छ आहे का हा प्रश्न होता. टेपची घरघर, रेडिओची खरखर, मागं कुणी खोकलेलं, असलं काही आलं की रिजेक्ट. एक गाणं मला जिवापाड आवडायचं. त्या कॅसेटवर मीच कधीतरी चहा सांडला होता आणि सुरुवातीला दोन सेकंद आवाज गटांगळ्या खायचा. तेही काढलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. बायको म्हणाली, एवढं काढून राहणार काय? मी म्हटलं, जे राहील ते बावनकशी.

त्या तपासणीत ‘रेकॉर्डिंग १४’ नावाची एक फाइल आली. ती काय आहे ते मला माहीत होतं. बायकोचं माहेर नेसरीचं. तिच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या लग्नात हळदीच्या दिवशी तिनं गाणं म्हटलं होतं आणि मी ते मोबाइलवर घेतलं होतं. प्रेमानं वगैरे घेतलं असं म्हणायची सोय नाही. मोबाइल नवा होता आणि त्याचा माइक कसा आहे ते मला बघायचं होतं. एकेका नात्याला हाक मारून हळद लावायला बोलवायचं, असं ते बायकांचं गाणं. तिच्या चुलतीकडून तिला मिळालेलं. त्या भागात हळद असली की तिला निरोप यायचा. ढोलकी नाही, पेटी नाही, पण तिनं पहिली ओळ उचलली की स्वयंपाकातल्या बायका हात पुसत बाहेर यायच्या. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

हेडफोनमध्ये मात्र पहिल्या दहा सेकंदांत मिक्सर होता, म्हैस होती आणि ‘साखरंचा डबा कुठाय गं’ असं विचारणारी एक बाई होती. मागं कुठंतरी गाणं सुरू होत होतं. लाल पट्टा. गाणारी घरातच होती की, आत कांदा चिरत होती; कधीही म्हण म्हटलं तर म्हणाली असती. मी कधी म्हण म्हटलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

शेवटी नऊशे नव्व्याण्णव राहिली आणि पाच हजार तीनशे एक्केचाळीस रिजेक्ट झाली. त्याच सुमाराला मेव्हण्यानं ट्रॅक्टर घेतला, ऊस ओढायला. आमच्या जिल्ह्यात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एक वेळ ब्रेक कमी चालतो, स्पीकर कमी चालत नाही. मेव्हण्यानं तर ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढे दोन बसवून घेतले होते. मला म्हणाला, दाजी, तुमच्याकडं एवढी गाणी हायत, कायतरी भरून द्या की. बावनकशी माल मी काय उसाच्या फडात पाठवणार होतो? जुना पेनड्राइव्ह काढला, रिजेक्शनचं सगळं त्यात भरलं आणि मोठ्या मनानं देऊन टाकलं. मग नियमाप्रमाणं कॉम्प्युटरवरून ते पुसून टाकलं. रिजेक्ट माल शॉपवर ठेवायचा नाही. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरवरचा गल्लीतल्या मेकॅनिकनं जोडलेला सेट ती सगळीच्या सगळी गाणी वाचतो हे ऐकून मला थोडा राग आला होता, एवढं आठवतं.

दोन वर्षांनी बायकोच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. काढणं गरजेचं होतं. आवाजावर थोडा परिणाम होऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी मान हलवली होती, कारण त्या वेळी आवाज हा विषयच नव्हता. गाठ साधी निघाली. आम्ही अंबाबाईला जाऊन आलो. आवाज हळूहळू परत आला तो बोलण्यापुरता आला, घोगरा, वरच्या पट्टीत गेला की फाटणारा. तिनं त्याचा कधी बाऊ केला नाही. भाजीवाल्याला हाक ऐकू जाते, बास झालं, म्हणायची. फक्त कुणाकडं हळद असली की ती गेल्या गेल्या पदर खोचून स्वयंपाकाकडं जायची आणि गाणी संपेपर्यंत बाहेर यायची नाही. पहिल्यांदा मला वाटलं, मदत करतेय. तिसऱ्या की चौथ्या लग्नात माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत बोलायची वेळ टळून गेली होती असं मी स्वतःला सांगितलं.

मागच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्यात नोकरीला. सुट्टीला आली होती. जेवताना हळदीचा विषय निघाला. डीजे नको, ती म्हणाली, मामाच्या लग्नातलं आईचं गाणं लावायचं. “बाबांनी रेकॉर्ड केलेलं की. बाबांकडं नसलेलं गाणं असतं का?”

मुलीच्या बोलण्यात थट्टा होती. पण बायकोनं ताटातून मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. पाच वर्षांत तिनं त्या गाण्याचं नाव काढलं नव्हतं. “आहे?” तिनं विचारलं.

“आहे की,” मी म्हणालो.

ते म्हणताना मला खरोखर वाटत होतं की आहे. रात्रीच्या जेवणानंतर कॉम्प्युटर उघडला, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं आठवलं. लाल पट्टा, जुना पेनड्राइव्ह, पुसून टाकलेली फाइल. मोबाइल तर केव्हाच मोडीत गेला होता. बायकोचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता आणि तो मी स्वतः तपासून, नापास करून, उसाच्या ट्रॅक्टरवर पाठवला होता. मला लाज वाटली. इतकी की खुर्चीतून उठून मी उगाच खिडकी लावून आलो.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीच्या गेटबाहेर उभा राहून मेव्हण्याला फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. मी मोघम विचारलं, तो पेनड्राइव्ह आहे का रे अजून? तो म्हणाला, कुठला, तुम्ही दिल्याला? त्यो कवाच मेला दाजी, पाटात पडलाता. कुठलं गाणं पायजेल होतं? आता ह्या ठिकाणी मी गाण्याचं नाव सांगितलं असतं तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. पण तुझ्या बहिणीचा आवाज मी रिजेक्शनमध्ये टाकला होता, हे मेव्हण्याला सांगायला जीभ रेटेना. मी म्हटलं, काही नाही, सहज. आणि फोन ठेवला.

मग मी शोधण्याचं नाटक सुरू केलं. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपुढं बसायचो. मुलीचा पुण्याहून फोन आला की सांगायचो, संग्रह मोठा आहे, वेळ लागतो. पुसलेल्या फाइली परत आणून देणाऱ्या एका माणसाकडंही गेलो. सात वर्षांनी काही मिळत नसतं, असं त्यानं फार सभ्यपणे सांगितलं. बायको काही विचारत नव्हती. ती रोज चहा आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवायची, जरा वेळ पडद्याकडं बघत उभी राहायची आणि जायची. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. चहात आलं असायचं, आणि आल्याचा चहा ती फक्त पाहुण्यांना करते.

लग्नाच्या पत्रिका आल्या. पहिली अंबाबाईला, दुसरी जोतिबाला, आणि माणसांतली पहिली मुलीच्या मामाला. ती पोस्टानं किंवा फोनवर पाठवून चालत नाही, हळदकुंकू घेऊन दोघांनी दारात जावं लागतं. एका रविवारी सकाळी आम्ही नेसरीला निघालो. मी ठरवलं होतं की वाटेत सगळं कबूल करायचं. माहेरी पोचायच्या आधी तिला कळायला पाहिजे. त्यासाठी सतरावं गाणं धरलं होतं. त्यात नुसती बासरी आहे, बोलायला सोपं जाईल. कागल गेलं, निपाणी गेली, पंधरावं संपलं. संकेश्वरच्या अलीकडं बायको म्हणाली, चहा घेऊ. गाडी बंद केली. चहा घेऊन आलो, किल्ली फिरवली, परत पहिलं गाणं.

गडहिंग्लज मागं पडलं तेव्हा मग मी तिसऱ्याच गाण्यात सांगून टाकलं. गाण्यात तबला जोरात होता आणि मला थोडं ओरडून सांगावं लागलं. दहा सेकंद ऐकून काढलं, ट्रॅक्टरला दिलं, घरातलं पुसलं, तिघांशी खोटं बोललो, सगळं. तिनं पत्रिकांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

“म्हणजे नाहीच,” ती म्हणाली.

“नाही.”

“बरं,” म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, पोरीला मीच सांगते, तुम्ही सांगू नका, तिला वाईट वाटेल. मी गाडी चालवत राहिलो. माझी निवडक, खणखणीत गाणी वाजत होती आणि ती बंद करायचं धाडसही मला होईना.

पुढं रस्ता अरुंद होतो. हंगाम चालू होता. वळणावर आमच्यापुढं दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला, झुलत, रस्ताभर पाचट सांडत. चढ लागला तसा त्याचा वेग माणसाच्या चालीवर आला. काचा बंद होत्या, तरी त्याचे स्पीकर आमच्या गाडीत ऐकू येत होते. मी नेहमीप्रमाणं चिडलो. ह्या लोकांना गाण्यातलं काय कळतं, असं काहीतरी पुटपुटलो आणि माझ्या स्टिरिओचा आवाज वाढवला.

बायकोनं हात पुढं केला आणि स्टिरिओ बंद केला. सात वर्षांत त्या बटणाला तिनं पहिल्यांदा हात लावला. मग काच खाली केली.

धूळ आत आली, आणि धुळीच्या पाठोपाठ तिचा आवाज आला. मिक्सर, म्हैस, साखरेचा डबा, आणि मग ती. तेरा वर्षांपूर्वीची, गळ्यावर व्रण नसलेली. कपाटाएवढ्या दोन स्पीकरमधून ती आत्याला हाक मारत होती, मावशीला हाक मारत होती, आणि दोन्ही बाजूंच्या उसावरून तो आवाज पलीकडच्या शिवारात जात होता. मला हॉर्न वाजवायचा होता, थांबायचं होतं, रडायचंही होतं. ह्यातलं काहीही न करता मी पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टरच्या मागं मागं जात राहिलो. बायको दोन्ही हात दारावर ठेवून, डोकं थोडं बाहेर काढून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवून आम्हाला वाट दिली. मी गेलो नाही. त्यानं परत दिली. गाणं शेवटाला पोचायच्या आतच त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिसऱ्यांदाही आम्ही पुढं गेलो नाही तेव्हा चढ संपल्यावर त्यानं ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि खाली उतरून आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल.

“काय झालं पावणं? किती बारी वाट दिली. गाडी तापली का?”

मी उतरलो आणि विचारलं, हे गाणं तुम्हाला कुठं मिळालं. तो हसला. ह्या रस्त्याला कुणाकडं न्हाय ते सांगा, म्हणाला. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत दोन-दोन दिवस बसावं लागतं. तिथं ड्रायव्हर लोक एकमेकांच्या मोबाइलमधून गाणी घेतात. हे मूळ नेसरीकडच्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरचं. आता ह्याला चढाचं गाणं म्हणतात. चढ लागला की हेच लावायचं, नाहीतर मागचे हॉर्न मारून बोंब मारतात. त्याच्या स्वतःच्या मुलीच्या हळदीलाही हेच लावलं होतं.

“गाणं एक नंबर हाय,” तो म्हणाला. “निस्तं शेवटाला कोण येडं मधीच बोलतंय. तेवढं सोडलं तर.”

मला काही कळेना. शेवटाला मी कशाला गेलो असतो? मी दहा सेकंद ऐकलं होतं. त्यानं वर चढून गाणं पुढं ढकललं. शेवटची ओळ संपते न संपते तोच, मिक्सरपेक्षा मोठ्यानं, म्हशीपेक्षा जवळून, एक पुरुषाचा आवाज आला: “ए, थांब जरा. म्हशीचा आवाज येतोय. परत पहिल्यापासनं म्हण.” आणि फाइल संपली. आवाज इतका खणखणीत होता की ओळखायला हातोडीची गरज नव्हती. तो माझा होता.

बायको गाडीत हसायला लागली. घोगरं, खोकल्यासारखं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ड्रायव्हरला वाटलं आपल्या बोलण्याला दाद मिळाली. तोही हसला. मग तिनं डोळे पुसले, खिडकीतून त्याला विचारलं, “गातंय कोण वो ह्ये?”

“कोण म्हाईत. आमच्याच भागातली बाई असंल,” तो म्हणाला. “पर आवाज बघा की कसा हाय.”

“व्हय,” बायको म्हणाली. “चांगला हाय.”

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. “ताई, तुमचा घसा बसलाय जणू. मिठाच्या गुळण्या करा गरम पाण्याच्या. उतार पडतोय.”

“करते,” ती म्हणाली.

त्यानं माझ्या मोबाइलवर गाणं पाठवलं, चहाला थांबा म्हणाला, आम्हाला घाई आहे म्हटल्यावर ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. आम्ही कोण ते त्याला सांगावं असं मला फार वाटत होतं. बायकोनं मान हलवून नको म्हटलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, मी शेवटी असं बोललो होतो हे तुला माहीत होतं? “मला कसं नसंल माहीत?” ती म्हणाली. “मी समोर उभी होते की.” मेव्हण्याच्या दारात पोचलो तर त्याचा ट्रॅक्टर अंगणातच होता आणि पेनड्राइव्ह नवा होता. दाजी, अक्काचं गाणं पायजेल होतं तर तवाच सांगायचं की, म्हणाला. त्याच्याकडं ते चार ठिकाणी होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, फक्त कळसा दुसऱ्याच्या काखेत होता.

लग्नाच्या आधी मुलीनं गाणं ऐकलं आणि म्हणाली, बाबा, शेवटचं तुमचं वाक्य कापून टाकते, एका मिनिटाचं काम आहे. मलाही तेच पाहिजे होतं. माझ्या धंद्यात ह्याला दोष काढून माल पास करणं म्हणतात. बायको पापड मोजत होती. ती मान वर न करता म्हणाली, “राहू दे. मी गात होते तेव्हा ह्यांचं लक्ष कुठं होतं, ते कळू दे सगळ्यांना.”

हळदीला ते गाणं तसंच लागलं. बायको त्या दिवशी स्वयंपाकाकडं गेली नाही. मुलीच्या समोर पाटाशेजारी बसली आणि स्पीकरमधून एकेका नात्याला हाक आली तशी एकेकीला हातानं पुढं बोलवत राहिली. नेसरीच्या बायकांनी ओळखलं. एकदोघींनी डोळ्याला पदर लावला. मी स्पीकरपाशी उभा होतो. शेवटी माझं वाक्य आलं आणि सगळा मांडव हसला. मुलीचे सासरे उठून माझ्याजवळ आले आणि फार आपुलकीनं विचारलं, म्हशीचं पुढं काय झालं?

पेनड्राइव्हवर जागा करायला एक गाणं काढावं लागलं. कुठलं काढलं ते मी बघितलं नाही, दहा सेकंदही ऐकलं नाही. चढाचं गाणं पहिल्या क्रमांकावर टाकलं. ड्रायव्हरनं नाव देवनागरीत दिलेलं, त्यामुळं पडद्यावर नुसते चौकोनी डबे येतात. तेही तसेच ठेवले. आता किल्ली फिरवली की रोज तेच लागतं, शिरोलीला जाताना आणि परत येताना: चार मिनिटं ती, आणि शेवटी मी, म्हशीची तक्रार करताना.